वर उभा राहणारा

जहाजाच्या नोकरीत पहिल्यांदा शिकवतात ते पोहणं नाही.
पोहणं मला येत होतंच, वैनगंगेचं.
शिकवतात ते हे, की बंद टाकीत कुणी पडलेला दिसला
तर त्याच्यामागे उतरायचं नाही.
घंटा वाजवायची. हवा मोजायची. थांबायचं.
मास्तरांनी फळ्यावर लिहिलं होतं :
पहिला चुकीने मरतो, दुसरा मायेने.
परीक्षेला आलं. दोन मार्क मिळाले.

सुट्टीवर आलो तेव्हा एप्रिल संपत होता.
वलथऱ्यांच्या विहिरीचं पाणी खोल गेलेलं,
उन्हाळी धान पोटऱ्यात, म्हणून भोजराजने
डिझेलचा छोटा पंप दोराने आत सोडून
कपारीवर टेकवला.
तासाभराने पंप बंद पडला, तो बघायला उतरला.
बाराव्या पायरीनंतर त्याने हाकेला ओ दिली नाही.

मी पोचलो तेव्हा टेकचंदचा एक पाय आत होता.
मागून कंबरेला मिठी घालून ओढला त्याला.
"सोड बे! माहा भाऊ हाये थो!"
त्याच्या मायने माझ्या पाठीत बुक्क्या घातल्या.
अख्ख्या गावाने पाहिलं,
समुद्रावरचा गडी
भावाला भावाकडे जाऊ देत नाही.

मी ओरडत होतो, धान उफणायचा पंखा आणा,
स्प्रिंकलरचे पाईप आणा, पोती आणा तोंड बांधायला,
त्या आंब्याखालच्या मोटारीवरून लाईन घ्या.
कुणीतरी कंदील आणला, सोडला.
विझला नाही.
लोक म्हणाले, पाय, हवा हाये.
या धुराला कंदील कळत नाही
हे तिथे मला एकट्यालाच ठाऊक होतं.
जहाजावर छातीशी पिवळं यंत्र लटकतं,
रातकिड्यासारखं किरकिरतं वेळीच.
इथे माझ्या छातीवर
फक्त टेकचंदची नखं होती.

सतरा मिनिटं पंखा चालला.
मग काखेतून दोर घेऊन मी उतरलो.
दोराचं दुसरं टोक टेकचंदच्या हातात दिलं,
आंब्याला एक वेढा मारून.
म्हटलं, मी पडलो तर ओढ. खाली येऊ नको.
त्याने ऐकलं की नाही, तेव्हा कळलं नाही.
भोजराजचे गाल गुलाबी होते,
लग्नात हळद उतरल्यावर होते तसे.

लाखांदूरच्या दवाखान्यात डॉक्टरने
काही न लिहिता पेन खिशाला लावला.

तेरवीला मला कुणी पंगतीतून उठवलं नाही.
आग्रहही कुणी केला नाही.
पानटपरीवर "दहा मिनिटं आंधी उतरला असता तं..."
हे वाक्य मी दिसलो की अर्ध्यावर थांबायचं
आणि सुपारीसारखं गालात राहायचं.
दोन तिरड्या निघाल्या असत्या, असं
मी कुणाला म्हटलं नाही.
न निघालेली तिरडी दाखवायची कशी?

जायच्या दिवशी टेकचंद फाट्यावर आला.
खर्रा घोटला, अर्धा माझ्या हातावर ठेवला.
बराच वेळ रस्त्याकडे पाहत होता. मग विचारलं,
"तुमच्या जहाजात तू उतरतं, तवा वर कोन रायते?"

असतो एक माणूस, मी सांगितलं.
झाकणापाशी. हातात वॉकीटॉकी.
त्याचं काम एवढंच, आत न येणं.

"नाव का त्याचं?"

बस आली, बरं झालं.
खिडकीत बसल्यावर मागच्या फेरीची टाकी आठवली,
पामतेलाची, रात्रीचे दोन,
बंदर तीन तासांवर,
परवान्यावर सह्या संध्याकाळीच झालेल्या,
न मोजलेल्या हवेचे आकडे सुबक अक्षरात.
अर्ध्या शिडीवरून मी वर पाहिलं होतं.
त्या गोल भोकात
नुसत्या चांदण्या होत्या.